सेन्सरची टोपी कोण काढणार?

परवा एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये उभा होतो. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. वीसेक वर्षांच्या पत्रकारितेत एक गोष्ट शिकलोय, नाव छापलं की शिपायाला नोटीस निघते आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे राहतं.

ओळखीच्या एका शेतकऱ्यासोबत गेलो होतो. त्याला आजोबांच्या नावाचा जुना फेरफार हवा होता. दप्तर सापडेपर्यंत अर्धा तास गेला. सहज वर पाहिलं तर छताला पांढरा गोल स्मोक डिटेक्टर. म्हटलं चला, काहीतरी सुधारलंय. मग नीट पाहिलं. डिटेक्टरवर नारंगी प्लास्टिकची टोपी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांधकाम, रंगकाम चालू असताना धूळ आत जाऊ नये म्हणून ही टोपी लावलेली असते. काम संपलं की ती काढायची. टोपी असेपर्यंत धूर आत शिरत नाही, म्हणजे डिटेक्टर आंधळा. त्या खोलीत चार डिटेक्टर होते. चौघांच्याही डोक्यावर टोपी.

मी कर्मचाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "भाऊ, ते तसंच येतं."

शेजारच्या सर्व्हर रूममध्ये डोकावलो. ती मूळची स्टेशनरीची खोली. एसीखाली बादली ठेवलेली, त्यात थेंब थेंब पाणी. भिंतीवर फायर पॅनल, त्यावर 'फॉल्ट'चा पिवळा दिवा पेटलेला. बझरवर चिकटपट्टी. का, तर सारखा वाजतो आणि त्रास होतो. तापमान वाढलं की मोबाईलवर मेसेज जातो म्हणे. कोणाच्या? तर ज्या इंजिनिअरची दोन वर्षांपूर्वी बदली झाली, त्यांच्या.

आता यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीची काय पोस्ट करायची? करायची, कारण ही एवढीशी गोष्ट नाही.

आधी हे समजून घेऊ की ज्यांना आपल्या मालाची खरंच काळजी असते ते काय करतात. ऐरोली, महापे, रबाळेच्या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईतच आहे. असल्या इमारतीत यंत्राला माणसापेक्षा जास्त जपतात. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा साधारण १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी हा जगभर मान्य दंडक आहे, म्हणून रॅकच्या पुढे-मागे, वर-खाली तापमानाचे सेन्सर. हवा फार दमट झाली तर गंज आणि फार कोरडी झाली तर स्थिर विजेची ठिणगी, म्हणून आर्द्रतेचे सेन्सर. उचललेल्या फरशीखाली पाणी ओळखणारी केबल, कुठेही गळती झाली की जागा दाखवणारी. धूर डिटेक्टरपर्यंत यायची वाट न पाहता पाईपने खोलीतली हवा ओढून सतत तपासणारी यंत्रणा, म्हणजे वायर नुसती तापून करपायला लागली तरी कळतं. दारावर सेन्सर, रॅकच्या झडपेवरही सेन्सर. कोण कधी आत गेला, किती वेळ दार उघडं राहिलं, सगळ्याची नोंद.

आणि एवढं सगळं करूनही तिथे अपघात होतात. १९ जुलै २०२२ ला ब्रिटनमध्ये पारा पहिल्यांदा ४० अंशांवर गेला आणि लंडनमधली गुगल आणि ओरॅकलची थंड ठेवायची यंत्रणा बसली. एप्रिल २०२३ मध्ये पॅरिसजवळच्या डेटा सेंटरमध्ये पाण्याची गळती झाली, पाणी बॅटरी रूमपर्यंत गेलं, आग लागली आणि गुगलची सेवा कोलमडली. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएचची एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली. ज्यांची बॅकअपची प्रत त्याच आवारात होती त्यांची मूळ प्रतही गेली आणि बॅकअपही.

सगळ्यांत मोठा धडा दक्षिण कोरियाचा. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवायचं काम चालू असताना आग लागली. सरकारच्या ७०९ यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची सामायिक जागा होती, ८५८ टेराबाइटची. ती राख झाली, आणि तिची दुसरीकडे प्रत नव्हती. डेटा फार मोठा आहे म्हणून बॅकअप घेतला नव्हता! इलेक्ट्रॉनिक कारभारात जगात पुढे असलेल्या देशाची ही गत.

मग आपली काय कथा? आपल्याकडे "सगळं ऑनलाइन झालंय" असं म्हटलं की चर्चा संपते. साहेबलोक सांगतात, डेटा क्लाउडवर आहे, काळजी नको. अहो, क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे. तीही कुठेतरी उभी असलेली इमारतच. तिला छत आहे, वायरी आहेत, बॅटऱ्या आहेत.

आणि सगळं ऑनलाइन झालेलंही नाही. डिजिटल सहीचा सातबारा मोबाईलवर मिळतो, चांगलीच गोष्ट आहे. पण वाद कोर्टात गेला की जुना फेरफार लागतो, मूळ कागद लागतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा काय झालं ते आठवा. अख्ख्या राज्यातल्या रेकॉर्ड रूम उघडाव्या लागल्या. मोडी वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. जन्म-मृत्यूच्या वह्या, शाळेची जनरल रजिस्टरं, खासरापत्रकं, कुठल्या कुठल्या गठ्ठ्यातून पोरांच्या शिक्षणाचा-नोकरीचा हक्क बाहेर निघाला. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, एवढं तर मान्य कराल की तो पिवळा पडलेला कागद कुणाच्या तरी आयुष्याचा पुरावा आहे. आणि तो आज टोपी घातलेल्या डिटेक्टरखाली पडून आहे.

माझ्यासोबतचा शेतकरी बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "दादा, हे जळलं तर मी कोण हे मलाच सिद्ध करता यायचं नाही."

कागदाचं सोडा. माणसांचं बघा. ९ जानेवारी २०२१, भंडारा जिल्हा रुग्णालय, नवजात बाळांचा कक्ष, पहाटेची वेळ, १० बाळं गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण गेले. मधे फक्त दहा महिने. आदेश निघणं आणि काम होणं यातलं अंतर मोजायचं असेल तर या दोन तारखा पाठ करा.

मला दोन उत्तरं नेहमी मिळतात.

पहिलं, निधी नाही. पटत नाही. त्या चार डिटेक्टरना निधी मिळालाच होता ना? बिल निघालं, फोटो निघाला. टोपी काढायला किती निधी लागतो? एक स्टूल लागतं. आपल्याकडे वस्तू विकत घ्यायला हेड असतो, ती चालू ठेवायला नसतो. खरेदीत सगळ्यांना रस, देखभालीच्या करारात कुणालाच नाही, कारण देखभालीचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही.

दुसरं उत्तर, सेन्सर खोटा वाजतो. हे मात्र अर्धं खरं आहे. धुळीने, झुरळांनी, पावसाळ्यातल्या दमटपणाने डिटेक्टर उगाच वाजतात. पण त्यावर उपाय साफसफाई आणि तपासणी हा आहे. चिकटपट्टी लावणं म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधून घरात निवांत झोपणं. रोज उगाच वाजणाऱ्या बझरची सवय झाली की ज्या दिवशी तो खरा वाजेल त्या दिवशीही कुणी मान वर करणार नाही.

सेन्सर आग विझवत नाही, चोर धरत नाही. तो फक्त सांगतो. ऐकणारा माणूस नसेल तर लाखाचं यंत्र आणि भिंतीवरचा खिळा यात फरक नाही. सीसीटीव्हीचंही तेच. कॅमेरे बाहेर, आणि रेकॉर्डिंगचा डबा त्याच खोलीत उघड्यावर. चोराने जाताना तोच उचलला तर पुरावा त्याच्याच पिशवीत. आणि रात्री इमारतीत एकटा असतो तो कंत्राटी वॉचमन. पॅनलवरचा कुठला दिवा कशाचा, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पहिला फोन कुणाला करायचा, हेही नाही.

कायदा नाही असं समजू नका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे तिथे मालकाने किंवा वापरणाऱ्याने परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून, ती चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. बी फॉर्म म्हणतात त्याला. वर्षातून दोनदा कुणी खरंच वर बघितलं असतं तर टोपी दिसली नसती का?

म्हणून रडत बसण्यापेक्षा एक काम करू. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवसांत उत्तर. आपापल्या तालुक्यातलं तहसील, पंचायत समिती, नगरपरिषद, ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते. प्रश्न पाचच:

१. इमारतीत धूर, तापमान, पाणीगळती आणि घुसखोरी ओळखणारे किती सेन्सर आहेत, त्यातले चालू किती?
२. शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली? गेल्या दोन वेळच्या बी फॉर्मची प्रत द्या.
३. अलार्म वाजल्यावर मेसेज कोणत्या पदावरच्या माणसाकडे जातो? तो माणूस आज त्याच पदावर आहे का?
४. देखभालीचा करार कधीपर्यंत आहे?
५. नोंदींची दुसरी प्रत या इमारतीच्या बाहेर कुठे ठेवली आहे?

तिसरा आणि पाचवा प्रश्न वगळू नका. खरी पोल तिथेच उघडी पडते.

मी माझा अर्ज काल टाकलाय. उत्तर आलं की इथेच टाकेन, जसंच्या तसं. तोपर्यंत कुठल्याही सरकारी कार्यालयात, दवाखान्यात, पोरांच्या वसतिगृहात गेलात तर रांगेत उभे असताना एकदा मान वर करून छताकडे बघा. टोपी दिसली तर फोटो काढा आणि तिथल्या साहेबांना नम्रपणे विचारा, "साहेब, ही कधी काढणार?"

एकाने विचारलं तर साहेब हसतील. पन्नास जणांनी विचारलं तर स्टूल मागवतील.