बासरीचे तेल आणि बासरीचा रुमाल

सतारीची गवसणी किंवा तबल्याची शाई यांविषयी आपल्याकडे जेवढी दक्षता दिसते, तिचा दशांशही बासरीच्या वाट्याला येत नाही. आणि याचे कारण, माझ्या मते, असे की तारा नसलेले, कातडे नसलेले आणि जत्रेतही अल्प मोलाने मिळणारे हे वेळूचे वाद्य आपोआपच टिकते, असा एक समज आपण निष्कारण जोपासला आहे. ज्यांना काळजी वाटते तेही ती तेलाच्या बाटलीपाशी आणून संपवितात. वास्तविक तेलाचा क्रम दुसरा. पहिला मान कोरड्या रुमालाचा.

वादकाचा श्वास उष्ण आणि बाष्पयुक्त असतो. नळीच्या थंड भित्तीला लागताच त्याचे थेंब होतात, त्यांत लाळेचा अंश मिसळतो, आणि रियाज संपताच बासरी तशीच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली, की आषाढ-श्रावणात कोकणपट्टीच्या हवेत आतल्या बाजूस बुरशी धरू लागते. हे केवळ वाद्याचे नुकसान, असे कोणी समजू नये. इंग्लंडात मँचेस्टरकडे बॅगपाइप वाजविणाऱ्या एका गृहस्थाच्या फुफ्फुसांचा दाह कोणत्याच उपचाराने शमेना. तीन महिने ते ऑस्ट्रेलियात राहिले, वाद्य घरीच होते, तेव्हा मात्र प्रकृतीस उतार पडला. पुढे त्या वाद्याच्या आतून नाना जातींच्या बुरशी निघाल्या. ते २०१४ साली निवर्तले आणि त्यांची हकिकत २०१६ साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. बॅगपाइपची बंद पिशवी आणि बासरीची उघडी नळी यांत पुष्कळ अंतर आहे, हे मला मान्य आहे. परंतु ओली बासरी दिवसेंदिवस कोंडून ठेवणाऱ्याने हे अंतर आपल्या हाताने कमी करू नये.

पुसण्याची रीत अगदी साधी आहे. बासरीहून थोडी लांब, टोकाशी घासून गुळगुळीत केलेली बांबूची कामटी घ्यावी, तिला धुवट मलमलीची पट्टी गुंडाळावी आणि उघड्या टोकाकडून ती हलकेच फिरवीत बुचापर्यंत न्यावी. बुचाला मात्र धक्का लावू नये, कारण ते जागचे सरकले की दोन सप्तकांतील स्वरांचा मेळ बिघडतो, आणि बिचारा शिकाऊ आपल्याच फुंकेला दोष देत बसतो. फुंकीच्या छिद्राभोवती ओठांचा मळ साचतो. तो किंचित ओलसर फडक्याने टिपून जागा लगेच कोरडी करावी. येथे टाचणी किंवा चाकूचे टोक चालविणारे सज्जन मी पाहिले आहेत. ज्या धारेवर फुंक दुभंगून नाद जन्म घेतो, तीच धार ते स्वच्छतेच्या नावाखाली बोथट करीत असतात! नळाखाली बासरी धुणे, साबणाच्या पाण्यात बुडविणे हेही त्याच जातीचे उद्योग: वेळू पाणी पितो, फुगतो आणि वाळताना तडकतो.

तेलाविषयी प्रत्येक गुरूची वहिवाट निराळी. कोणी मोहरीचे सांगतो, कोणी बदामाचे, आणि या दाव्याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. माझी तक्रार प्रमाणाविषयी आहे. नळी पूर्ण वाळल्यावर, काही महिन्यांच्या अंतराने, बोटभर तेल आतबाहेर पुसट फिरवावे, रात्रभर मुरू द्यावे आणि उरलेले निपटून काढावे. ओल्या नळीत ओतलेले तेल मुरत तर नाहीच, उलट चिकट थर होऊन धूळ धरते.

तडा हे बासरीचे खरे मरण. वेळूचे तंतू उभे असल्यामुळे एकदा चीर गेली की ती लांबीनेच धावते. आणि पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी खयालाच्या गायकीसाठी रूढ केलेल्या लांब, रुंद नळीच्या बासरीत हे संकट अधिकच महाग पडते. आतून वादकाचा ऊन, दमट श्वास आणि बाहेरून वातानुकूलित सभागृहाची गार, कोरडी हवा, असा दुहेरी ताण तिला सोसावा लागतो. वैशाखात नागपूरच्या उन्हात बंद मोटारीत राहिलेल्या बासरीची अवस्था तर सांगायलाच नको. बासरीवरची दोऱ्याची वेटोळी ही शोभा नसून या संकटावरचा बंदोबस्त आहे; दोरा सैल झाल्यास त्याच दिवशी पुन्हा आवळून घ्यावा. खर्जातले स्वर अकस्मात पोकळ निघू लागले, तर आधी वाद्य उजेडात धरून सूक्ष्म चीर शोधावी.

शिकवणीच्या वर्गांत एकच बासरी अनेकांच्या तोंडी फिरविण्याचा शिरस्ता तर तत्काळ मोडला पाहिजे. ज्याची त्याने बासरी आणावी. गरिबाघरच्या मुलाची तजवीज संस्थेने करावी. आणि पहिल्या दिवशी, सा लावण्यापूर्वी, गुरुजींनी प्रत्येकाजवळ कामटी व रुमाल आहे की नाही हे पाहावे, आणि नसेल त्याला सा लावूच देऊ नये.