दाराआडची बंदूक

अमेरिकेंतील मैदानी मुलुख पाहून आल्यापासून आम्हांस विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न विचारितात : तेथें घरोघरीं बंदुका असतात हें खरें काय? विचारितांना त्यांच्या डोळ्यांत जी चमक दिसते ती चित्रपटांनीं घातलेली आहे. घोडेस्वार, धूळ, दारूचा गुत्ता आणि कमरेचें पिस्तूल, एवढ्यांत तो सारा देश आटोपला अशी मुलांची समजूत असते. मोठीं माणसें तोच प्रश्न निराळ्या सुरांत विचारितात; त्यांस त्या लोकांच्या रानटीपणाची साक्ष हवी असते. दोन्ही पक्षांस नाराज करणें आम्हांस भाग आहे, आणि तें तोंडीं पुनःपुन्हां करण्यापेक्षां वार्षिकाच्या पानांतून एकदांच केलेलें बरें.

आम्ही राहिलों तें राज्य साउथ डाकोटा. मिसूरी नदी त्याचे उभे दोन भाग करिते. पूर्वेस मक्याचीं व सोयाबीनचीं शेतें, पश्चिमेस गुरांचीं कुरणें. क्षेत्रफळानें तें महाराष्ट्राच्या सुमारें दोनतृतीयांश भरेल, पण २०२० च्या खानेसुमारींत तेथील लोकवस्ती नऊ लाखांच्याहि आंत होती. हा आकडा मनांत धरल्यावांचून तेथील बंदुकीविषयीं बोलूं नये. रात्रीं एका घरांतून दुसऱ्या घराचा दिवा दिसतो खरा, कारण मध्यें टेकडी नाहीं कीं झाड नाहीं. परंतु पायीं जाऊं म्हटल्यास तास मोडतो. चोर आला तर काय करितां, असें आम्हीं आमच्या यजमानांस विचारलें. शेरीफाच्या माणसास येथवर पोहोंचावयास पाऊण तास लागतो, असें त्यांनीं शांतपणें सांगितलें; आणि चोर आजवर आलेला नाहीं, हेंहि त्याच शांतपणें सांगितलें.

मग बंदूक कशासाठीं? वासरांवर टपलेल्या कायोटासाठीं, म्हणजे आपल्या कोल्ह्याच्या जातीच्या जनावरासाठीं. पाय मोडून तडफडणाऱ्या गुरास सोडविण्यासाठीं. आणि हरणाच्या व फेझंटच्या शिकारीसाठीं. आपल्या शेतकऱ्याच्या घरीं कोयता व कुऱ्हाड जशी दाराआड असते तशी तेथें बंदूक असते. तिची कोणी बढाई मारीत नाहीं व तिच्याकडे कोणी वळून पाहत नाहीं. शेतकी अवजारांच्या दुकानांत एका बाजूस रबरी बूट, दुसऱ्या बाजूस गुरांचें मीठ आणि मध्यें काडतुसांच्या पेट्या, अशी मांडणी आम्हीं पाहिली. २०१७ सालच्या एका मोठ्या पाहणींत अमेरिकेच्या ग्रामीण भागांतील शेंकडा ४६ प्रौढांनीं आपण बंदुकीचे धनी आहों असें सांगितलें. शहरांत हें प्रमाण शेंकडा १९ होतें. अर्थात् ज्या शहरांच्या दंग्याधोप्याच्या बातम्या आपण वाचतों त्यांपेक्षां या निवांत खेड्यांत बंदुका अधिक आहेत. विरोधाभास वाटतो, पण वस्तुस्थिति तशी आहे.

फेझंटविषयीं थोडें विस्तारानें सांगावेंसें वाटतें, कारण त्यावांचून त्या लोकांचा स्वभाव कळणार नाहीं. हा कोंबड्याच्या कुळांतला, लांब शेपटीचा, गळ्याभोंवतीं पांढरें कडें असलेला देखणा पक्षी मूळचा चीनकडील. डाकोटाच्या शेतांत तो मुद्दाम आणून सोडला, तो तेथें असा रुजला कीं १९१९ सालीं स्पिंक कौंटींत त्याच्या शिकारीचा पहिला हंगाम उघडला, आणि १९४३ सालीं तो राज्याचा मानाचा पक्षी ठरला. ज्या पक्ष्यास राज्यानें गौरविलें त्यासच ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारपासून सारें राज्य मारीत सुटतें, ही गोष्ट आम्हांस मौजेची वाटली. यजमानीणबाईंस मात्र त्यांत मौज ती कोणती हें कळेना. ह्युरन गांवीं त्याचा प्रचंड पुतळाहि उभा केलेला आहे. हंगामांत दूरदूरचे शिकारी येतात, शेतकऱ्यांस पाहुण्यांपासून चार पैसे मिळतात, आणि आम्ही होतों त्या गांवच्या चर्चांत शिकाऱ्यांसाठीं मंडळीच्या बायका सांजचें जेवण रांधितात.

या शिकारीचे नियम आहेत आणि ते पाळले जातात. मारावयाचा तो नर. मादीवर बार टाकणें गुन्हा. माणशीं दिवसास तीन पक्षी, अधिक नाहींत. मुलांस बंदूक हातीं देण्यापूर्वी जें शिकवितात तें आम्हीं कान देऊन ऐकिलें. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेंच समजावें; जें मारावयाचें नाहीं त्याच्याकडे नळी कधींहि वळवूं नये; नेम धरलेल्या वस्तूच्या पलीकडे काय आहे हें आधीं पाहावें; आणि बार काढावयाचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर ठेवूं नये. बारा वर्षांचा एक मुलगा कुंपण ओलांडण्यापूर्वी बंदूक उघडून काडतुसें काढून घेई, पलीकडे गेल्यावर पुन्हां भरी. त्यास कोणी सांगावें लागत नव्हतें. आमच्या वर्गांत कंपास इतक्या काळजीनें हाताळणारीं मुलें थोडीं. शिवाय १९३७ च्या एका कायद्यान्वयें लांब बंदुका व काडतुसें यांवर शेंकडा ११ कर बसतो आणि तो पैसा वन्य प्राण्यांच्या जोपासनेकडे जातो. शिकाऱ्याच्या पैशानें रान राखलें जातें, हें आपल्याकडील अहिंसाभिमानी वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण आपल्या रानांची दशा पाहतां त्यांनीं फार हंसूं नये.

येथवर आम्ही त्या लोकांचे वकील झालों. येथून पुढें मात्र आमचें व त्यांचें जमत नाहीं.

पहिली गोष्ट कायद्याची. १ जुलै २०१९ पासून साउथ डाकोटांत कपड्यांआड पिस्तूल बाळगण्यास परवान्याची गरज उरली नाहीं. कॅन्सासनें हें २०१५ सालींच केलें, नेब्रास्कानें २०२३ सालीं. हा आमच्या वाडवडिलांचा मोकळेपणा परत आला, असें तेथें म्हणतात. इतिहास तसें म्हणत नाहीं. कॅन्सासमधील डॉज सिटी, जिच्या नांवावर इतके चित्रपट निघाले, तिनें १८७० नंतरच्या दशकांत गांवांत शस्त्र बाळगण्यास बंदी केली होती. गुराख्यानें गांवांत शिरतांना पिस्तूल ठेवून द्यावें आणि जातांना घेऊन जावें, असा तेथला शिरस्ता. ज्या काळास आपण बेबंद समजतों त्या काळच्या त्या गांवांत आजच्याहून कडक नियम होता.

हा विषय आपणांसहि अगदीं परका नाहीं. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें परक्या सरकारनें हिंदी माणसास निःशस्त्र केलें आणि गोऱ्यास मोकळें ठेविलें, हा सल इतका खोल होता कीं १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांच्या ठरावांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. पुढें १९४८ सालीं संविधानसभेंत हरि विष्णु कामत यांनीं तो हक्क संविधानांत असावा अशी सूचना आणिली; डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला व ती फेटाळली गेली. शस्त्राचा हक्क हातीं येत असतां आपण तो घेतला नाहीं. अमेरिकेनें १७९१ सालीं तो संविधानांत लिहिला. कोण शहाणा ठरला हें एका वाक्यांत सांगतां येणार नाहीं; पण आपल्या पुढाऱ्यांनीं ती गोष्ट भित्रेपणानें केली नव्हती, एवढें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत धरावें.

दुसरी गोष्ट त्या मोकळेपणाच्या पोटांतील आहे. मिसूरी ओलांडून राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यांत गेलें म्हणजे वुंडेड नी हें ठिकाण लागतें. २९ डिसेंबर १८९० रोजीं तेथें लष्कर लाकोटा लोकांच्या तळावर बंदुका जप्त करीत होतें. झडती चालू असतां एक बार उडाला, आणि सैन्यानें त्यांवर तोफा चालविल्या. अडीचशेंहून अधिक माणसें पडलीं. त्यांत बायकापोरें फार. जखमी झालेल्यांस पाइन रिज येथील चर्चांत आणिलें. बाकें काढून खालीं गवत पसरलें होतें आणि वर नाताळच्या हिरव्या माळा अजून तशाच लटकत होत्या. त्यांची शुश्रूषा करणारा डॉक्टर चार्ल्स ईस्टमन हा स्वतः डाकोटा कुळांतला ख्रिस्ती, बोस्टनमध्यें वैद्यकी शिकून त्याच वर्षीं तेथें आलेला. मिशनच्या शाळांत शिकून आपल्याच लोकांत परतलेल्या आम्हांसारख्यांस त्या डॉक्टराची त्या रात्रींची अवस्था थोडीशी कल्पितां येते. अमेरिकेच्या काँग्रेसनें या कृत्याबद्दल खेद प्रदर्शित केला तो १९९० सालीं, शंभर वर्षांनीं. मैदानांत बंदूक सर्वांस मोकळी होती, असें जो म्हणतो त्यानें हें ठिकाण पाहून यावें. ती कोणास मोकळी होती व कोणाकडून हिसकावली गेली, हें त्या टेकडीवरील एकाच मोठ्या थडग्यावरून कळतें.

तिसरी गोष्ट आमच्या धंद्याची. २०१३ सालीं साउथ डाकोटानें असा कायदा केला कीं शाळामंडळास वाटल्यास त्यानें शिक्षकास किंवा दुसऱ्या नोकरास शिक्षण देऊन शाळेंत सशस्त्र ठेवावें. आदल्या डिसेंबरांत कनेक्टिकट राज्यांतील न्यूटाउनच्या शाळेंत वीस लेकरें व सहा मोठीं माणसें मारलीं गेलीं होतीं. आईबापांची भीति खोटी नव्हती. तरीहि आमचें मत या कायद्याच्या साफ विरुद्ध आहे. २०२२ सालीं टेक्ससमधील युव्हाल्डी येथें तीनशेंहून अधिक शिकविलेले, पगारी, सशस्त्र अंमलदार जमले असतां त्यांनीं एक तासाहून अधिक काळ वर्गाबाहेर घालविला, आणि आंत एकोणीस मुलें व दोन शिक्षिका गेल्या. ज्यांचा तो धंदा त्यांचें हें झालें, तर गणिताच्या मास्तरानें काय करावें? आणि त्याहून पुढचें असें कीं, ज्या मास्तराच्या कोटाखालीं पिस्तूल आहे त्याच्यापाशीं मुलगा आपली चूक कबूल करावयास कसा येईल? पेत्राला तरवार म्यानांत घालावयास सांगितलें गेलें तें तरवारीला धार नव्हती म्हणून नव्हे.

परंतु या मोठ्या आवाजाच्या मरणांपेक्षां एक मुकें मरण आहे, आणि मैदानी मुलुखाचा खरा घोर तो आहे. २०२१ सालीं अमेरिकेंत बंदुकीनें ४८,८३० माणसें मेलीं. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक स्वतःच्याच हातानें गेलीं. विरळ वस्तीच्या राज्यांत हा वांटा याहूनहि मोठा असतो. चोरासाठीं ठेविलेली बंदूक चोराची वाट पाहत वर्षानुवर्षें पडून राहते. आणि मग एखाद्या फेब्रुवारींत, दारापुढें छातीभर बर्फ, बँकेचा कागद टेबलावर, बायको मुलीकडे गेलेली, अशा वेळीं ती हाताशीं असते. विदर्भांतील शेतकऱ्याच्या घरीं पिकावरील औषधाचा डबा असाच हाताशीं असतो. त्यामुळें ही गोष्ट आम्हांस कोणी समजावून सांगावी लागली नाहीं.

ज्यास मरावयाचें तो कसाहि मरेलच, असें तिकडेहि म्हणतात व इकडेहि म्हणतात. हें खरें नाहीं. श्रीलंकेनें १९९५ व १९९८ सालीं अतिविषारी औषधें बाजारांतून काढून टाकिलीं, आणि २००५ पर्यंत तेथील आत्महत्यांचें प्रमाण निम्म्यावर आलें. दुःखें तींच होतीं, देश तोच होता. अशा प्रयत्नांतून जे वांचतात त्यांपैकीं बहुतेक पुढें त्या वाटेस जात नाहींत, असें वैद्यक सांगतें. ती लाट कांहीं घटकांची असते; तेवढ्या घटका टळाव्या लागतात. बंदूक त्या घटका देत नाहीं. म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं मैदानांतील शेतकऱ्याची बंदूक कोणी काढून घेऊं नये, पण ती दाराआड राहूं नये. कुलुपांत राहावी, काडतुसें दुसऱ्या कुलुपांत राहावीं, आणि घरावर वाईट दिवस आले असतां किल्ली शेजाऱ्याकडे असावी. यास ते लोक स्वातंत्र्यावर घाला म्हणतात. ज्या गांवांत पेरणीच्या दिवसांत आजारी माणसाचें शेत शेजारी न विचारितां पेरून देतात, त्या गांवांत किल्ली मागण्याचा संकोच कां वाटावा, हें आम्हांस उमगलें नाहीं. काइनास विचारलेला प्रश्न शेताच्या बांधापाशीं थांबत नाहीं.

संकोच सर्वांसच वाटतो असेंहि नाहीं. त्या मंडळीचे एक वृद्ध पंच, स्वतः पट्टीचे शिकारी, आम्हांस आपल्या तळघरांत घेऊन गेले. तेथें एक लोखंडी कपाट होतें. कोणाच्या घरीं मरण झालें, घटस्फोट झाला, गुरें विकावीं लागलीं, कीं हे गृहस्थ रविवारच्या उपासनेनंतर त्याच्या घरीं जातात, कॉफी घेतात आणि बोलतां बोलतां म्हणतात कीं तुझ्या बंदुका साफ करावयाच्या झाल्या असतील, थोडे दिवस माझ्याकडे असूं देत. कशासाठीं हें दोघांसहि ठाऊक असतें आणि दोघेहि तें बोलत नाहींत. बहुतेक जण वसंतांत येऊन आपापली बंदूक घेऊन जातात. एकानें तिसरा हंगाम लोटला तरी मागितलेली नाहीं, आणि पंचांनींहि त्यास विचारलेलें नाहीं. दर महिन्यास ते तिला तेल मात्र देतात.