सुटीतले मास्तर आणि बोंडातली अळी

विज्ञानाच्या मास्तरांच्या उन्हाळी प्रशिक्षणाचा विषय शेतकऱ्यांच्या पत्रात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कापसाच्या भावाचे लिहा, मास्तरांचे मास्तर पाहून घेतील, असे म्हणणारे कार्यकर्ते आमच्या बैठकीतही आहेत. त्यांना आमचा एकच सवाल आहे. २०१७ साली बोलगार्ड-२ च्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी शिरली आणि विदर्भभर बोंडे किडली. ज्या अळीसाठी महागाचे बियाणे घेतले ती मेली का नाही, हे गावात कोणी समजावून सांगितले? कृषी सेवा केंद्रवाल्याने आणखी एक औषध हातात ठेवले. कृषी सहायकाच्या वाट्याला इतकी गावे, की तो आला केव्हा आणि गेला केव्हा ते कळत नाही. विज्ञान शिकलेला आणि रोज गावात येणारा माणूस एकच, तो म्हणजे शाळेतला विज्ञानाचा मास्तर. त्याला कोणी विचारले नाही. विचारले असते तर त्याला सांगता आले असते का, याची आम्हाला शंका आहे; पण त्यात मास्तराचा दोष थोडा आणि मास्तराला तयार करणाऱ्या यंत्रणेचा फार.

आठवून पाहा. त्या वर्षांत बीटीच्या पिशवीत ४५० ग्रॅम सरकीबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटी सरकीची वेगळी पुडी यायची. ती वावराच्या कडेने पेरायची, एवढे छापलेले होते. का पेरायची, ते कोणी सांगितले नाही. शेतकऱ्याने आपला हिशेब केला : जी पऱ्हाटी अळी खाणार, ती मुद्दाम पेरून तास कशाला अडवायचे? हिशेब चुकला नव्हता. हिशेबातला एक आकडा त्याला दिलाच नव्हता. तो आकडा असा : लाखो अळ्यांत एखादी अशी निघते, की जिला बीटीचे विष बाधत नाही. सगळे शिवार बीटीचे असले तर जगतात त्या फक्त तशाच. त्यांची जोडी तशाशीच जुळते, पिले तशीच निपजतात आणि काही हंगामांत सगळी जातच चिवट होते. कडेला साधी पऱ्हाटी असली तर तिथे साध्या अळ्यांचे पतंग तयार होतात, चिवट पतंगांची जोडी बहुतेक त्यांच्याशी जमते आणि त्यांची पिले बीटीवर मरतात. वरून फरदड उभी ठेवली, की अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खायला मिळते.

हे काही कृषी विद्यापीठाचे गुपित नव्हे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा आहे. त्यात डार्विन आहे, लॅमार्क आहे. शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या वावरात तोच धडा चालू आहे, हे मात्र मास्तराला त्याच्या कुठल्याही प्रशिक्षणात दाखवले गेले नाही. पोट्टे धडा पाठ करतात, मार्क मिळवतात आणि घरी बाप फवारणीचा पंप भरत असतो. त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणाचा अर्थ सातवीतल्या पोरीला शाळेत कळला असता, तर तिने बापाला एकदा तरी अडवले असते.

मास्तरांना उन्हाळ्यात शिकवण्याची कल्पना जुनी आहे. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला तेव्हा अमेरिका हादरली आणि तिने आपल्या विज्ञान शिक्षकांच्या उन्हाळी वर्गांवर भरमसाट पैसा ओतला. १९६३ पासून अमेरिकेच्याच मदतीने आपल्या देशातही विद्यापीठांतून असे उन्हाळी वर्ग सुरू झाले. ते मुख्यतः हायस्कुलांच्या आणि कॉलेजांच्या मास्तरांसाठी होते आणि पुष्कळसा कारभार इंग्रजीत. इंडियाचे पाणी इंडियाच्या पाटात राहिले. खेड्यातल्या सातवीच्या वर्गापर्यंत ते फारसे झिरपले नाही.

झिरपले ते दुसरीकडे, आणि फार दूर नाही. नागपूरहून भोपाळच्या गाडीत बसले की सातपुडा चढून-उतरून इटारसी येते आणि त्याच्या पुढे होशंगाबाद. आता त्या गावाचे नाव नर्मदापुरम आहे. १९७२ साली तिथल्या सोळा माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी काम सुरू केले. दिल्ली विद्यापीठाचे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे वैज्ञानिक मदतीला आले. १९७८ साली ते जिल्हाभर पसरले आणि १९८२ पासून एकलव्य या संस्थेने ते चालवले. त्याचा कणा होता उन्हाळी शिबिराचा. सहावी, सातवी, आठवीच्या मास्तरांना सुटीत सुमारे तीन आठवडे एका जागी राहायचे. भाषण ऐकायचे नाही, मुलांना जे प्रयोग करायला लावायचे ते स्वतः हाताने करायचे. फूल फाडून पाहायचे, माती पाण्यात घोळवायची, चुकले तर पुन्हा करायचे. प्राध्यापकाला ‘हे असे का’ म्हणून अडवायची मास्तराला मुभा होती. पुढे वर्षभर दर महिन्याला मास्तरांची बैठक व्हायची आणि वर्गात काय अडले ते मांडले जायचे. शाळेला प्रयोगाची पेटी मिळायची. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची परवानगी होती, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते.

याच कार्यक्रमातून सायकलच्या व्हाल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून आकृती करण्याचा तो खेळ पुढे देशभर गेला. खर्च किती, तर चहाच्या एका कपाएवढा.

२००२ साली मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका हुकमासरशी थांबले. आम्हाला त्यातून एवढेच दिसते, की संस्था कितीही भली असली तरी अशी कामे सरकारच्या मर्जीवर सोडू नयेत, गावाने ती आपली म्हणून मागितली पाहिजेत.

महाराष्ट्रातही उदाहरण आहे. टाटा संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत १९७४ साली सुरू झाले. त्याच दशकात त्याने रावेर तालुक्यातल्या खिरोद्याकडच्या, म्हणजे कापूस-केळीच्या मुलखातल्या, शाळांत काम केले. पुस्तकाची अवजड भाषा सोपी केली की खेड्यातल्या मुलाला विज्ञान पुष्कळ सुलभ होते, हे त्या केंद्राने नीट तपासून सांगितले. आपली मुले ढ आहेत म्हणणाऱ्यांना हे ऐकवले पाहिजे.

आज काय आहे? २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते, प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास शिकले पाहिजे. ऐकायला उत्तम. २०१९ साली ‘निष्ठा’ नावाचे देशव्यापी प्रशिक्षण सुरू झाले आणि कोरोनात ते मोबाइलवर आले. मोबाइलवर चित्रफीत चालू ठेवून भाजी निवडता येते आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळते. मास्तरही माणूसच आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात मास्तरांना शिक्षणाबाहेरची कामे देऊ नयेत असे कलम आहे, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणुका वगळून. ह्या वगळलेल्या कामांसाठी मास्तर बरोबर सापडतो. प्रयोग शिकायचा म्हटले की वेळ नसतो, निधी नसतो.

आणि नागपुरात तर साधनांची रेलचेल आहे. वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आहे. अमरावती रोडला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो त्याच वर्षापासून. रामन विज्ञान केंद्र १९९२ साली उघडले. महापालिकेच्या शाळांतली पोरे हाताने प्रयोग करून दाखवतात तो अपूर्व विज्ञान मेळावा याच शहरात भरतो. हिंगण्याच्या एका अंगाला औद्योगिक वसाहत, वानाडोंगरीला अभियांत्रिकी शिक्षण, दुसऱ्या अंगाला वेणा नदीच्या काठची काळी जमीन. सकाळी निघालेला मास्तर या सगळ्या ठिकाणी जाऊन दिवे लागायच्या आत घरी येतो. तरी कापूस संस्थेत काय चालते हे हिंगण्याच्या शाळेला ठाऊक नाही, आणि शाळेत काय शिकवतात हे कापूस संस्थेला.

म्हणून आमची मागणी अशी आहे. मे महिन्यात, शाळा बंद असताना, हिंगणा तालुक्यातल्या सहावी ते दहावीच्या विज्ञान शिक्षकांचे दहा दिवसांचे शिबिर कापूस संस्था आणि मृदा ब्यूरो यांच्या आवारात भरवावे. विदर्भात शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात, तेव्हा दिवस काढता येतात. ऊन आहे, हे आम्हालाही कळते. सकाळी सात ते अकरा काम करावे, वखरणी करणाराही तेच करतो. सुटीचे गेलेले दिवस मास्तरांच्या रजेत जमा झाले पाहिजेत, जाण्यायेण्याचा खर्च मिळाला पाहिजे आणि लेकुरवाळ्या शिक्षिकांना मुले सोबत आणायची सोय पाहिजे. फुकट राबवून घेण्याला आमचा पाठिंबा नाही. घामाचा दाम आपण मागतो तर मास्तराचा का नाकारायचा?

शिबिरात काय करावे हे सांगायला आम्हाला तज्ज्ञ लागत नाही. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून किती उगवले ते मोजावे आणि पिशवीवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. काळी माती बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवावी. वाळू लगेच बसते, चिकणमातीने पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असते, आणि आपल्या जमिनीला भेगा का पडतात याचे उत्तर तिथून सुरू होते. बोंडे फोडून अळ्या मोजाव्या. टारफुला ज्वारीच्या मुळातून रस कसा ओढतो ते भिंगाखाली पाहावे. कोवळी, पावसाच्या ताणातली ज्वारी खाऊन ढोर का मरते, त्या पानात कोणते विष तयार होते, हे रसायनाच्या तासाला जोडावे. यातला एक दिवस शेतकऱ्याने शिकवावा. फरदडीबद्दल आणि टारफुल्याबद्दल त्याला जे ठाऊक आहे ते पुस्तकात नाही.

जागेला, पाण्याला आणि एका जेवणाला गाव कमी पडणार नाही, असा शब्द तालुक्याच्या बैठकीत द्यायचा आहे आणि हा ठराव जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे व दोन्ही संस्थांकडे पाठवायचा आहे. बैठकीला येण्याआधी एक काम प्रत्येकाने करावे. आपल्या गावच्या शाळेत जाऊन प्रयोगाचे कपाट उघडायला सांगावे. किल्ली कोणाकडे आहे, आत काय आहे, आणि ते शेवटचे बाहेर केव्हा निघाले, हे लिहून आणावे.