तरंगणाऱ्यांनाही टेन्शन!

'सगळं सोडून मस्त हवेत तरंगावंसं वाटतंय!' सोमवारी सकाळी मेलबॉक्स उघडताना तुम्हीही हे म्हणत असाल. पण खरोखर तरंगणाऱ्यांनाही टेन्शन चुकलेलं नाही. उलट वजन गेलं की आधी शरीरच बावचळतं.

आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. वर कुठे, खाली कुठे, हे ती गुरुत्वाकर्षणावरून ओळखते. अंतराळात तिला काही कळेनासं होतं आणि डोळे मात्र वेगळंच सांगत असतात. मग मळमळ, उलट्या, डोकेदुखी. त्यात एरवी पायांकडे ओढलं जाणारं रक्त आणि पाणी वर सरकतं. चेहरा सुजतो, नाक चोंदतं, पाय काटकुळे होतात. शरीर यातून सावरतं, पण त्याला काही दिवस द्यावे लागतात.

नेमके तेच दिवस 'स्कायलॅब' या अमेरिकन अंतराळ स्थानकावरच्या तिसऱ्या टीमला मिळाले नाहीत. १६ नोव्हेंबर १९७३ ला जेरी कार, एड गिब्सन आणि बिल पोग वर गेले. तिघांचीही पहिलीच ट्रिप! आधीच्या टीमने कामाचा फडशा पाडला होता, म्हणून नासाने यांनाही सुरुवातीपासून त्याच स्पीडचं शेड्यूल लावलं. पोगना पहिल्याच दिवशी उलटी झाली. तिघांनी ठरवलं, खाली कळवायचं नाही. पण यानातल्या टेपवर सगळं बोलणं रेकॉर्ड झालं होतं! अंतराळवीरांचे बॉस अ‍ॅलन शेपर्ड यांनी रेडिओवरच कानउघाडणी केली.

पुढे कित्येक आठवडे तीच रड. कामं मागे, चुका जास्त, चिडचिड वेगळीच. शेवटी डिसेंबरअखेर कारनी मनातलं बोलून टाकलं. खालच्यांनीही ऐकलं. जेवणाची वेळ आणि संध्याकाळ मोकळी ठेवली. किरकोळ कामांना मिनिटामिनिटाचं टाइमटेबल लावायचं सोडून नुसती यादी दिली. आणि काय, कामं भराभर उरकू लागली! ८४ दिवसांनी, ८ फेब्रुवारी १९७४ ला तिघं परतले, तेव्हा त्यांची तब्येत आधीच्या टीम्सपेक्षा ठणठणीत होती. रोजचा दीडेक तासाचा व्यायामही कामी आला होता.

तेव्हा नव्या जॉबच्या पहिल्या आठवड्यात पोट बिघडलं, झोप उडाली, तर 'आय अ‍ॅम फाइन' म्हणत लपवू नका. शरीर रिपोर्ट देतच असतं. तुम्ही फक्त तो पुढे पाठवा!