एकटीला सोडणं आणि वाऱ्यावर सोडणं

सप्टेंबर 2018 मधली गोष्ट. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बेव्हर्ली विमानतळावरून 17 वर्षांची एक विद्यार्थिनी पायपर वॉरियर या छोट्या प्रशिक्षण विमानातून एकटीच निघाली. जमीन सोडताना विमानाचं उजवं चाक निखळून पडलं. या विमानाला चाकं तीनच. एक नाकाखाली, दोन पंखांखाली. आता उतरायचं ते दोनांवर, आणि शेजारच्या सीटवर कोणी नाही.

हे ऐकून आमच्याकडचे पालक काय म्हणतील ते मला पाठ आहे. ‘बघा मॅडम, म्हणूनच पोरीला एकटं पाठवायचं नसतं.’ दहावीनंतर तालुक्याच्या कॉलेजचा विषय काढला तरी हेच ऐकायला मिळतं. विमान तर लांबच, इथे एसटीचीच भीती!

पण पुढे काय झालं तेही बघा. एका प्रशिक्षकाने रेडिओवरून तिला धीर दिला, सूचना दिल्या. अशा वेळी विमान अगदी हळू, धड चाकाच्या बाजूवर टेकवायचं असतं. वेग असेपर्यंत पंखच मोडकी बाजू उचलून धरतो. वेग सरला की ती बाजू खाली बसते, विमान तिकडे ओढलं जातं. तोवर इंजिन बंद करायचं. ऐकायला सोपं आहे, करायला नाही. तिने ते केलं. अल्लाहचा शुक्र, सुखरूप बाहेर आली.

ती एकटी होती, पण वाऱ्यावर सोडलेली नव्हती. एकट्याने उडणं हा तालमीचाच टप्पा असतो. प्रशिक्षकाची खात्री पटल्यावरच तो येतो. आपल्याकडेही विद्यार्थी वैमानिकाचा परवाना वयाच्या 16 व्या वर्षापासून मिळतो. आणि चाक काही ती मुलगी होती म्हणून निखळलं नाही.

पालकांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. हॉस्टेल कसं आहे, शेवटची गाडी किती वाजता, हे विचारलंच पाहिजे. पण तेवढं विचारून थांबतात. यंदा निकालानंतर मी अब्बू-अम्मींना आणखी एक विचारणार आहे: पोरीने अडचणीत रात्री फोन केला, तर उचलणार कोण? आणि उचलल्यावर पहिलं वाक्य ‘तरी सांगत होतो’ हेच असेल, तर ती दुसऱ्यांदा फोन करेल का?