माहिती मिळाली नाही म्हणून भरलेले व्याज

सीईटीचा निकाल लागला की नागोठण्याहून मला फोन येऊ लागतात. कधी कुणाची खाला, कधी कुणाचा मोठा भाऊ, कधी स्वतः मुलगीच. प्रश्न ठरलेला असतो : ‘भाई, पनवेलच्या कॉलेजची फी किती? लोणेरेची किती?’ मदत किती मिळेल, हे मात्र कुणी विचारत नाही. यात त्यांची चूक नाही. फीचा आकडा एका जागी छापलेला असतो. मदतीचे आकडे चार ठिकाणी विखुरलेले असतात आणि त्यांची बेरीज कुणी करून देत नाही. मग निर्णय फीच्या आकड्यावरच होतो. इंजिनिअरिंगची जागा मिळत असूनही मुलगी ती सोडते आणि मुलगा कंत्राटी कामाला लागतो किंवा आखाताच्या व्हिसामागे लागतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2009 साली मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा अब्बा कंत्राटदाराकडे कामाला होते. बरेच हेलपाटे घातल्यावर एका बँकेने कर्ज दिले. त्याच शैक्षणिक वर्षापासून केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना लागू झाली होती. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षणाच्या काळातले आणि त्यानंतरच्या सवलतीच्या मुदतीतले व्याज सरकार भरणार होते. त्यासाठी मुख्य कागद लागत होता उत्पन्नाचा दाखला, जो रोह्याच्या तहसील कार्यालयात मिळाला असता. मला ही योजना कळली शेवटच्या वर्षात, हॉस्टेलमधल्या एका मित्राकडून. शाखेत विचारले तर ‘मागचे आता होणार नाही’ असे उत्तर मिळाले. सरकार भरणार होते ते व्याज अब्बांनी ओव्हरटाइम करून भरले. योजना होती, आम्ही पात्रही होतो, पण दोघांची गाठ पडली नाही.

ही गाठ घालून देण्याचे आश्वासन देशाला मिळालेले आहे. 2015-16 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज या दोन्हींचे काम संपूर्ण संगणकीय पद्धतीने पाहणारे एक प्राधिकरण उभारण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला विद्यालक्ष्मी पोर्टल सुरू झाले. एकाच अर्जावर तीन बँकांकडे कर्ज मागण्याची सोय त्यात होती आणि ती चांगलीच होती. शिष्यवृत्त्यांसाठी मात्र तिथे नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलकडे जाणारा दुवा दिला गेला. सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो, एका पानावर दुसऱ्या पानाचा दुवा देणे म्हणजे माहिती एकत्र करणे नव्हे.

आजची स्थिती पाहा. केंद्राच्या शिष्यवृत्त्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, राज्याच्या महाडीबीटीवर. बँकांचे कर्ज विद्यालक्ष्मीवर. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेसाठी आणखी एक वेगळे पोर्टल, नाव जवळजवळ तेच. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे 3 टक्के व्याजाचे, 5 लाखांपर्यंतचे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम शैक्षणिक कर्ज तिसरीकडेच. प्रत्येक ठिकाणी वेगळी नोंदणी, वेगळा पासवर्ड, वेगळी अंतिम तारीख. आणि ‘पढो परदेश’ ही अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची योजना 2022-23 पासून बंद झाली तरी तिच्या जुन्या पोस्ट व्हॉट्सअॅपवर अजून फिरतात.

बेरीज का हवी, तर या योजना एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पीएम-विद्यालक्ष्मीत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे. पण दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ मिळत असेल तर ती मिळत नाही. म्हणजे एक दार उघडले की दुसरे बंद होते. कुठले उघडायचे हे ठरवायला सगळी दारे एकत्र दिसली पाहिजेत.

मुलींच्या बाबतीत तर हे नुकसान फारच मोठे आहे. 2024-25 पासून महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. तांबोळी, अत्तार, पिंजारी, बागवान अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. ज्यांना कोणतेच आरक्षण नाही, ती मुस्लिम कुटुंबे निकषांत बसत असतील तर ईडब्ल्यूएस दाखला काढू शकतात. हे मी फोनवर सांगतो तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता असते. मग प्रश्न येतो, ‘आपल्यालाही?’ हो, आपल्यालाही.

अमेरिकेत विद्यार्थी एकच फॉर्म भरतो आणि त्यावरून केंद्रीय अनुदान, कर्ज, कॉलेजातले काम या सगळ्यांची पात्रता ठरते. केंद्राकडून घेतलेले कर्ज आणि मिळालेले अनुदान एकाच लॉगिनखाली दिसते. तिथेही सगळे गोड नाही. तो फॉर्म सोपा करून 2023 च्या डिसेंबरअखेर नव्याने आणला तेव्हा त्यात इतके दोष निघाले की कॉलेजांची मदतपत्रे लांबली. तरीही विद्यार्थ्याने दहा दारे ठोठवावीत असे तिथे कुणी म्हणत नाही. आपल्याकडे आधार आहे, डिजिलॉकर आहे, बारकोडवाला उत्पन्नाचा दाखला आहे आणि पैसे थेट खात्यात जमा होतात. अडचण तंत्राची नाही. प्रत्येक खात्याने आपले पोर्टल काढले की काम झाले असे मानले जाते, ही अडचण आहे.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न असतो : व्याजाचे कर्ज घ्यावे का? त्यावर प्रत्येकाने आपल्या विवेकाने निर्णय घ्यावा. पण ज्याला व्याज टाळायचे आहे, त्याला तर एकत्रित माहितीची गरज सर्वांत जास्त आहे. फीमाफी किती, शिष्यवृत्ती किती, ट्रस्टची किंवा जकातीतून मिळणारी मदत किती, हे मांडल्यावर कदाचित कर्जाची गरज निम्म्यावर येईल किंवा उरणारही नाही. हिशेब न मांडताच ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणणे ही परहेजगारी नव्हे.

आमची मागणी साधी आहे. महाडीबीटीवर विद्यार्थ्याने उत्पन्न, प्रवर्ग, अभ्यासक्रम आणि कॉलेज भरले की केंद्राची, राज्याची, महामंडळाची आणि बँकेची, अशी त्याला लागू होणारी सगळी मदत एका पडद्यावर मराठीत दिसावी. कुठली योजना घेतली की कुठली सुटते, हेही तिथेच कळावे. आणि हे सारे प्रवेशफेरी सुरू होण्याआधी दिसावे. फी भरून झाल्यावर कळलेल्या योजनेचा उपयोग काय?

तोवर आपण थांबायचे नाही. नागोठण्यात, रोह्यात, पेणला, जिथे जिथे आपले चार पदवीधर आहेत, तिथे मे महिन्यात एक टेबल मांडा. लॅपटॉप एक, माणसे दोन पुरतात. उत्पन्न, अधिवास आणि नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस हे दाखले बारावीच्या परीक्षेनंतर लगेच काढायला लावा. बँकेत जाणाऱ्याला दोन नियम कागदावर लिहून द्या : 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागता येत नाही, आणि ‘तुमचे घर आमच्या शाखेच्या क्षेत्रात येत नाही’ या कारणावरून अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना सांगितले आहे. नकार दिलाच तर तो लेखी मागा.

टेबल फक्त आपल्या मोहल्ल्यापुरते ठेवू नका. आगरी, कोळी, आदिवासी, बौद्ध मुलांचीही हीच अडचण आहे. अब्बांचे व्याज आता परत येणार नाही. पण या जूनमध्ये नागोठण्याहून फोन आला की पहिला प्रश्न फीचा नसावा, मदतीचा असावा.