बेरिंग बदलण्याआधी

तेलगाव असो की माजलगावजवळची पवारवाडी, बीड जिल्ह्यातल्या साखरपट्ट्यात गळिताआधी ओव्हरहॉलिंगची घाई असते. त्या घाईतला एक दिवस बॉयलरच्या आयडी (इंड्यूस्ड ड्राफ्ट) फॅनसाठी राखून ठेवा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

पूर्वी मोटर थेट पूर्ण वेगाने फिरायची आणि ड्राफ्ट डॅम्परने आवरला जायचा. मग व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, आला आणि वेगच कमी करता येऊ लागला. वेग 80 टक्क्यांवर आणला की पंख्याला लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते. हा फायदा सोडण्यासारखा नाही. मात्र पंख्याच्या सांगाड्याला ज्या वेगावर थरथर सुटते, तो वेग पूर्वी सुरू होताना काही सेकंदांत ओलांडला जायचा. आता ड्राइव्ह नेमका त्याच वेगावर तासन्‌तास थांबू शकतो. फाउंडेशन बोल्ट ढिले होतात, ठपका बेरिंगवर येतो, नवे बेरिंग बसते आणि थरथर जिथल्या तिथे!

म्हणून बॉयलर पेटण्याआधी पंखा 15 हर्ट्झपासून 50 हर्ट्झपर्यंत एकेक हर्ट्झने चढवा आणि प्रत्येक टप्प्यावर बेरिंग हाउसिंगच्या थरथरीचे रीडिंग घ्या. थंड हवा जड असते, तेव्हा डॅम्पर बराचसा बंद ठेवून अँपिअरवर लक्ष असू द्या. समजा 36 ते 39 हर्ट्झमध्ये रीडिंग उसळले, तर तेवढा पट्टा ड्राइव्हच्या ‘स्किप फ्रिक्वेन्सी’त भरा, म्हणजे ड्राइव्ह त्या पट्ट्यात थांबणार नाही.

दोष विजेचा की यंत्राचा, हेही तपासता येते. ड्राइव्ह ‘कोस्ट टू स्टॉप’वर ठेवून पुरवठा तोडा. थरथर त्याच क्षणी गेली तर दोष विजेचा. वेगाबरोबर हळूहळू उतरली तर पात्यांवरची राख, झिजलेली पाती, कपलिंगचे अलाइनमेंट पाहा.

मोटरमधून येणारा शिट्टीसारखा बारीक आवाज ड्राइव्हच्या कॅरिअर फ्रिक्वेन्सीचा असतो. ती 2 वरून 4 किलोहर्ट्झ केली की आवाज बराच मवाळ होतो, पण ड्राइव्ह जास्त तापतो आणि बेरिंगमधून ठिणग्या उडण्याची शक्यताही वाढते. मोटरचे उतरवलेले बेरिंग भंगारात टाकण्याआधी कापून बघा. रेसवर पन्हळी पत्र्यासारख्या समांतर रेषा दिसल्या, तर नुसते ग्रीस बदलून भागणार नाही. मोटरच्या शाफ्टला अर्थिंग ब्रश आणि मागच्या बाजूला इन्सुलेटेड बेरिंग लागेल.

ड्राइव्ह बदलला की स्किपचे आकडे नव्याने भरावे लागतात. ते पॅनेलच्या दाराच्या आत, तारखेसह लिहून ठेवा.